वाटूरच्या पाहुण्यांसाठी चेन्नई

कापूस फुटला की मला चेन्नईचा पाऊस आठवतो. तो पाऊस मी कधी पाहिलेला नाही, फक्त फोनमधून ऐकलाय. आमच्याकडे कार्तिक लागतो, आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, सकाळी कपाशीच्या पानांवर दहिवर चमकतं आणि ऊन जरा वर आलं की शेतभर पांढरी बोंडं उलगडून बसलेली दिसतात. नेमका त्याच दिवसांत तिकडे, त्या दूरच्या समुद्राकाठी, पावसाळा सुरू होतो. माझी मुलगी प्रज्ञा तिथून फोन करायची. मी कमरेला वेचणीची झोळी बांधून सरीत उभा असायचो आणि तिच्याकडे पत्र्यावर पाऊस वाजत असायचा. "पप्पा, ऐकू येऊन राह्यलं का?" असं विचारून ती फोन खिडकीबाहेर धरायची. माझ्या कानात धो धो पाणी आणि डोळ्यांपुढे कोरडं ठणठणीत ऊन. बाजूच्या सरीत वेचणाऱ्या बाया माझ्याकडे बघून हसायच्या, कारण मी हसत असायचो.

यंदाही कापूस फुटलाय. तिच्या माघारी हा तिसरा.

मी वाटूरचा. भूगोलाचा मास्तर म्हणून तीस वर्षं काढली, जवळच्या खेड्यांतल्या शाळांत आणि शेवटी गावातल्याच शाळेत. चार एकर जमीन आहे, तीही मास्तरकीच्या जोडीनं केली. समुद्र हा माझा आवडता धडा. फळ्यावर मी निळ्या खडूनं किनारा काढायचो, पांढऱ्या खडूनं लाटा, आणि चंद्र कुठं आला म्हणजे भरती येते ते बाणांनी दाखवायचो. लाट समजावून सांगायला घरून परात न्यायचो, तीत पाणी भरायचो आणि एका काठाला बोटानं टिचकी मारायचो. पोरं पुढे सरकून बघायची. प्रज्ञा सातवीत माझ्याच वर्गात होती. शाळेत ती मला सर म्हणायची. त्या दिवशी तिनं हात वर केला.

"सर, तुम्ही पाह्यला का समुद्र?"

वर्ग हसला. मी परातीतलं पाणी बघत म्हणालो, "न्हाई."

खरंच पाहिला नव्हता. मुंबईला एकदा गेल्तो, पण खात्याच्या कामासाठी. सकाळी उतरलो, कचेरीत बसून राहिलो आणि संध्याकाळची परतीची गाडी धरली. समुद्र तिथून जवळच आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. संध्याकाळी घरी प्रज्ञा माझ्या मागे मागे फिरत राहिली. तिला वाटलं होतं, आपण बापाचा अपमान केला. शेवटी गोठ्यापाशी येऊन म्हणाली, "पप्पा, मी दाखवीन तुम्हाला." मी म्हणालो, "बरं."

पोरं असं पुष्कळ म्हणतात. ही मात्र त्याच वाटेनं चालत राहिली. जालन्यात कॉलेज केलं, औरंगाबादला भूगर्भशास्त्र घेतलं आणि मग एक दिवस फोन केला की चेन्नईच्या एका संस्थेत संशोधनाला निवड झाली. विषय होता किनाऱ्यावरची वाळू. वाळू कुठून कुठं जाते, कोण नेते, कुठं टाकते. सुमन, माझी बायको, चौथी शिकलेली. तिनं विचारलं, "वाळूत काय शिकायचंय?" प्रज्ञा म्हणाली, "मम्मी, ती एका जागी बसत न्हाई. सहा महिने इकडं जाते, सहा महिने तिकडं. तेवढंच बघायचंय." सुमन म्हणाली, "मंग तुझ्यासारखीच हाय."

चेन्नईत ती एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात माडीवरची खोली घेऊन राहायची. तिथल्या भाषेत आजीला पाटी म्हणतात. पहिल्याच आठवड्यात तिनं मला हसत सांगितलं, "पप्पा, तुम्ही आयुष्यभर पोरांच्या हातात पाटी दिली, आता तुमची पोरगी पाटीच्या घरात राहून राह्यली." खोली मिळायच्या आधी दोन ठिकाणी तिला नाव, गाव, खाणंपिणं आणि बाकीचं पुष्कळ विचारलं गेलं होतं. ते बाकीचं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाटींनी एकच विचारलं होतं: सकाळी किती वाजता उठतेस?

दुसऱ्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा मी तिला म्हणालो, "आम्ही येऊ, पण मला आधी शहराची माहिती लिहून दे. शिस्तीत. प्रवाशाला देतात तशी." मास्तरांची खोड. ती परत गेली आणि पंधरा दिवसांनी टपालानं पाकीट आलं. आत पाच मोठे कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. वर रेघ मारून मथळा: वाटूरच्या पाहुण्यांसाठी चेन्नई.

ते कागद मी सुमनला इतक्या वेळा वाचून दाखवले की तिला ते पाठ झाले. मला तर झालेच आहेत.

"पाहुण्यांनी प्रथम हे लक्षात घ्यावं की या शहराच्या पूर्वेला समुद्र आहे. त्यामुळे इथं सूर्य पाण्यातून उगवतो, पाण्यात बुडत नाही. पप्पांनी पुस्तकातलं चित्र आठवून संध्याकाळी सूर्यास्त बघायला जाऊ नये. शहरातून दोन नद्या वाहतात. त्यांची नावं देत नाही, कारण मम्मीला ती म्हणता येणार नाहीत आणि वासावरून त्या तशाही ओळखू येतात. हवा तीन प्रकारची असते: गरम, फार गरम, आणि पाऊस. आपला पावसाळा संपला की इथला सुरू होतो, म्हणजे ढग आपल्याकडची कामं उरकून इकडे येतात असं समजायला हरकत नाही. कपडे वाळत नाहीत. मम्मीनं सुती पातळं आणावीत.

"इथं हिंदी चालेल असं धरून चालू नये. पाण्याला तन्नी म्हणतात. पुरे म्हणायचं असेल तर पोदुम म्हणावं. हा शब्द मम्मीनं पाठ करून यावा, कारण पाटी वाढायला बसल्या की हात आखडत नाहीत. पानावर भात, त्यावर भात, मग ताक घालून पुन्हा भात. भाकरी मिळणार नाही. ज्वारीचं पीठ घेऊन यावं, मी पाटींना कबूल केलंय. गल्लीत सकाळी बाया दारापुढे पिठाची रांगोळी घालतात. तिच्यावर पाय देऊ नये. चिमण्या आणि मुंग्या देतात, त्यांना चालतं.

"मरीना नावाचा मोठा किनारा आहे. पाहुण्यांना वाटतं तो आधीपासून एवढा रुंद आहे. तसं नाही. बंदरासाठी समुद्रात भिंत बांधली, वाहत जाणारी वाळू तिला अडली आणि दक्षिणेकडे साठत गेली. उत्तरेकडच्या कोळ्यांच्या वस्त्यांना मग वाळू मिळेना आणि तिथला काठ खचत गेला. म्हणजे मरीनावर आपण ज्या वाळूत बसतो ती दुसऱ्या कुणाच्या तरी दारापुढची आहे. हे मी बसणाऱ्या सगळ्यांना सांगते, म्हणून माझ्याबरोबर कुणी फिरायला येत नाही. तिथंच दीपगृह आहे. वरून शहर सगळं एका नजरेत येतं: एका बाजूला घरांची दाटी, मधोमध रस्ता आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, फक्त पाणी. पप्पांनी तिथं उभं राहून धडा शिकवावा, मी ऐकीन.

"पाण्यात घोट्यापर्यंतच जावं. ओढ फार आहे.

"मुक्काम किमान चार दिवसांचा असावा. त्याहून कमी दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना परत पाठवण्यात येईल."

पाहुणे गेले नाहीत.

पहिल्यांदा तिनं बोलावलं ते त्याच पौषात. माझ्याकडे दहावीच्या पोरांचे जादा तास होते. म्हणालो, उन्हाळ्यात येतो. उन्हाळ्यात माझ्या निवृत्तीचं कामकाज निघालं. त्यानंतर ती म्हणाली, "पप्पा, आता तर तुम्ही रिकामे झाले. दिवाळीच्या आधी या, पाऊस बी पाहायला मिळेल." सुमननं पीठ दळून आणलं. मी वावरात उभा राहून बोंडांकडे बघितलं आणि म्हणालो, "एवढी वेचणी होऊ दे. कापूस निघाला की लगेच निघू." सुमननं ते पीठ डब्यात ओतलं आणि आम्ही त्याच्या भाकरी खाल्ल्या. मला तेव्हा वाटलं, तिलाही पटलंय.

खरं सांगायचं तर कापूस हे एक कारण होतं. चार बाया लावल्या असत्या, शेजाऱ्याला सांगितलं असतं, तर आठ दिवस कुणीही बघितलं असतं. माझ्या मनात भलतंच काही होतं. ज्या गोष्टीवर मी तीस वर्षं बोललो ती समोर आली आणि माझ्या फळ्यावरच्या चित्रासारखी नसली, तर? आणि पोरगी शेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत असेल, तर? साठीच्या माणसाला असली भीती वाटते हे कुणाला सांगता येत नाही. कापूस सांगता येतो.

त्याच वेचणीत एक दिवस तिचा फोन आला. आवाज जड होता. म्हणाली, ताप आलाय, तीन दिवस झाले, पावसामुळे असेल. घरी येते, मम्मीच्या हातचं खाल्लं की बरं वाटेल. मी म्हणालो, "तिथं डॉक्टरला दाखव." ती म्हणाली, "दाखवलं, गोळ्या दिल्यात." सिकंदराबादला गाडी बदलून ती परतूरला उतरली. मी फलाटावर होतो. ती डब्याच्या दांड्याला धरून खाली आली, मला पाहून हसली आणि म्हणाली, "पप्पा, कापूस किती राह्यला?"

तो प्रश्न तिनं सहज विचारला होता. तिच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. तरी गेल्या तीन वर्षांत असा दिवस गेला नाही की मी मनानं परतूरच्या फलाटावर उभा राहून त्या प्रश्नाला निरनिराळी उत्तरं दिली नाहीत.

फलाटावरूनच तिला जालन्याच्या दवाखान्यात नेली. डासांचा ताप होता. डॉक्टरांनी काही कमी केलं नाही, रक्तातल्या पेशी रोज मोजल्या, रोज त्या खाली जात होत्या. सहाव्या दिवशी दुपारी, उन्हाची तिरीप तिच्या पायांवर आलेली असताना, ती गेली. सत्तावीस वर्षांची होती. गावातल्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माझे जुने विद्यार्थी लांबून लांबून आले, मी सगळ्यांना नीट बसा म्हणत होतो. वावरात कापूस तसाच लोंबत राहिला. शेजाऱ्यांनी परस्पर वेचून घरी आणून टाकला.

महिन्याभरानं तिच्या मैत्रिणीचा, सेल्वीचा फोन आला. ती प्रज्ञाच्या बरोबर काम करायची आणि मोडकंतोडकं हिंदी बोलायची. खोलीतलं सामान न्यायचं होतं. घाई नाही, पाटी म्हणतात खोली तशीच राहू दे, असं तिनं सांगितलं. मी म्हणालो, पोस्टानं पाठवता येईल का. सुमन भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "जायचं."

मी म्हणालो, "दोन दिवसांत आवरून येऊ."

"चार दिवस," ती म्हणाली. "चार दिवस म्हणलीती ती."

निघायच्या आदल्या दिवशी तिनं ज्वारी दळून आणली.

चेन्नईला उतरलो तेव्हा पावसाळा सरत आला होता. रस्त्यांच्या कडेला अजून पाणी होतं आणि भिंतींना हिरवट ओल. सेल्वी स्टेशनवर आली होती, सावळी, बारीक, केसात मोगऱ्याचा गजरा. आम्हाला बघितल्यावर तिनं आधी हात जोडले आणि मग ते तसेच तोंडावर धरले. तिच्याबरोबर बसमध्ये बसलो. खिडकीतून शहर सरकत होतं आणि मला त्यातलं सगळं ओळखीचं वाटत होतं. एक पूल आला आणि वास आला. सुमननं पदर नाकाला लावला नाही. फक्त म्हणाली, "ही नदी." पुढे केळीच्या पानांचे भारे घेऊन चाललेली सायकल दिसली, देवळाचं उंच रंगीत शिखर दिसलं, चौकात फुलांचे ढीग लावून बसलेल्या बाया दिसल्या. प्रत्येक ठिकाणी मला आधी तिचं वाक्य ऐकू यायचं आणि मग ती वस्तू दिसायची. कुणी आधी वाचून ठेवलेल्या पुस्तकात आपण मागाहून शिरावं, तसं ते शहर होतं.

पाटी दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, वाकलेल्या, नाकात दोन्हीकडे चमक्या. आम्ही काय बोलावं ते मी गाडीत ठरवत आलो होतो, इंग्रजीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पुढे येऊन सुमनचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेल्या.

माडीवरच्या खोलीत एक खाट, टेबल, पुस्तकं. खिडकीवर ओळीनं काचेच्या बाटल्या, त्यांत वाळू, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात जागेचं नाव. खुंटीला टॉवेल. मी कागद आवरायला घेतले. सुमन खाली वाकून खाटेखालचं काढत होती. एक ट्रंक निघाली, एक बादली, आणि मग दोन उशा. कोऱ्या, दुकानातल्या प्लॅस्टिकमध्ये तशाच. सुमननं सेल्वीकडे बघितलं. सेल्वी पाटींशी बोलली आणि मग आम्हाला सांगितलं, "आप लोगों के लिए. एक साल पहले लाई थी."

सुमन त्या दोन उशा मांडीवर घेऊन बसली. बराच वेळ तिच्या हाताखाली प्लॅस्टिक वाजत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटींच्या स्वयंपाकघरात गेली आणि पीठ मळायला बसली. डोशाच्या तव्यावर भाकरी टाकायची होती. तिनं परातीत पीठ थापायला घेतलं, तसं पाटी चुलीपाशी येऊन बसल्या आणि मान तिरकी करून ऐकायला लागल्या. मला कळेना. सेल्वी म्हणाली, प्रज्ञा सांगायची की आमच्या घरी सकाळी भाकरीचा आवाज येतो, त्यानं जाग येते. पाटींनी विचारलं होतं, भाकरीला कसला आवाज. आता त्या तो ऐकत होत्या. सुमनला हे सांगितलं तेव्हा तिचे हात क्षणभर थांबले. मग ती आणखी जोरानं थापायला लागली. त्या दिवशी तिनं पिठाची पिशवी रिकामी होईपर्यंत भाकरी केल्या. सगळ्या गल्लीला पुरल्या असत्या. पाटींनी एक भाकरी ताकाबरोबर सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि एकीनं बोलणं संपवलं की दुसरी उत्तर देत होती. मी दोन्ही भाषा ऐकत बाहेर बसलो. मला एकही समजत नव्हती.

त्याच दिवशी आणखी एक कळलं. पाटींच्या दारापुढे रांगोळी रोज पहाटे असते. प्रज्ञा गेल्याचं कळल्यावर त्यांनी तेरा दिवस रांगोळी घातली नाही. घरातलं माणूस गेलं की तिकडे घालत नाहीत. शेजारणी विचारायला आल्या, तुमच्या घरातलं कोण गेलं. त्यांनी सांगितलं, माडीवरची.

तिसऱ्या दिवशी सेल्वी आम्हाला मरीनावर घेऊन गेली. सकाळची वेळ होती. रस्ता ओलांडला आणि वाळू सुरू झाली. वाळू इतकी होती की समुद्र नुसता ऐकू येत होता, दिसत नव्हता. आम्ही चालत राहिलो, पाय रुतत होते. पाणी दिसायला लागलं तशी सुमन थांबली आणि वाळूत बसली. समुद्राकडे पाठ करून, शहराकडे तोंड करून.

"चल ना," मी म्हणालो.

"तुम्ही पाहा. मला न्हाई पाहायचा."

मी चपला तिच्यापाशी काढल्या आणि पुढे गेलो. सूर्य पाण्याच्या वर हातभर आला होता. माझ्या फळ्यावरच्या चित्रासारखं त्यात काही नव्हतं. फळ्याला चौकट होती. इथं डावीकडे मान वळवली तरी पाणी, उजवीकडे वळवली तरी पाणी, आणि ते सगळं एकदम माझ्याकडे येत होतं, थांबत होतं, मागे जात होतं. घोट्यापर्यंत उतरलो. लाट परतली तशी माझ्या टाचांखालची वाळू सरकायला लागली. उभा होतो तिथंच होतो, तरी कुणीतरी मला हळूहळू खचवत होतं. हीच ती वाळू. एवढंच ती बघत होती, तीन वर्षं, रोज. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं की ही आत्ता कुठं चालली आहे. ज्या भीतीनं मी आलो नव्हतो ती भीती तिथं कुठं सापडली नाही. माझं तोंड बघायला कुणी उभंच नव्हतं.

परत आलो तर सुमन माझ्या चपला मांडीवर घेऊन तशीच बसलेली. ती उठली, पातळ झटकलं. दीपगृहावर आम्ही गेलो नाही.

चौथ्या दिवशी निघालो. वाळूच्या बाटल्या सेल्वी संस्थेत नेणार होती, पुस्तकंही. आम्ही कपडे घेतले, कागद घेतले, उशा घेतल्या. पाटी दारापर्यंत आल्या आणि काहीतरी म्हणाल्या. सेल्वी म्हणाली, आमच्यात जाताना 'जाते' म्हणत नाहीत. निघणारा म्हणतो, जाऊन येते. निरोप देणारा म्हणतो, जाऊन या. आमच्यातही तसंच, मी म्हणालो, आम्हीसुद्धा 'येते' म्हणतो. सेल्वीनं ते पाटींना सांगितलं. पाटी मान हलवत थोडं बोलल्या. मी विचारलं, काय म्हणाल्या. सेल्वीनं सांगितलं, "उस दिन बुखार में निकली, तब भी बराबर हमारी भाषा में बोली थी. जाकर आती हूँ."

सुमननं वाकून पाटींच्या पायांना हात लावला आणि आमच्या भाषेत म्हणाली, "येते."

त्यानंतर तीन वर्षांत तिनं चेन्नईचं नाव घेतलं नाही. मीही काढलं नाही. घरात आम्ही दोघं एकमेकांना जपून वागवतो, तडा गेलेलं भांडं वागवावं तसं. तिनं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मी काहीतरी बोललो असतो, रडलो असतो, चूक कबूल केली असती. ती वेचणीला येते, माझ्या शेजारच्या सरीत असते, तिची झोळी माझ्या आधी भरते. दुपारी बांधावर बसून आम्ही भाकरी खातो आणि पाऊसपाण्याचं बोलतो.

परवा दिनकर आला. आमच्या वावराला लागून त्याची जमीन, पिढ्यान्‌पिढ्या वाटूरचे शेतकरी. त्या वर्षी आमचा कापूस वेचून आणणाऱ्यांत तो होता. ओट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अवघडलेला दिसत होता.

"सर, एक विचारायचं होतं. विचारू का नको म्हणून दोन दिवस घरीच बसलो."

"विचारा ना."

"आमच्या वैष्णवीला नोकरी लागली. चेन्नईला. पंधरा दिवसांनी हजर व्हायचंय." तो थांबला. "गावात ते शहर पाह्यलेलं दुसरं कोणी न्हाई. कसंय, सर?"

मी मास्तर झालो. म्हणालो, मोठं बंदर आहे, समुद्र पूर्वेला आहे, पाऊस आपल्या उलट्या वेळेला येतो, हिंदी फार चालत नाही, माणसं सरळ आहेत, भात खावा लागतो. तो मान डोलवत होता. मला माझा आवाज वर्गातला ऐकू येत होता.

"ते समदं बराबर हाय," तो म्हणाला. "पोरीनं एकटीनं राहण्यासारखं हाय का, तेवढं सांगा."

'हाय' म्हणायचं होतं, ते खरंही होतं, पण मी बोटानं ओट्यावर रेघा ओढत राहिलो. दिनकरनं मान खाली घातली. तेवढ्यात सुमन चहा घेऊन बाहेर आली. तिनं कप खाली ठेवले आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"पाठवा, भाऊ," ती म्हणाली. "शहर वाईट न्हाई. दुसऱ्याच्या लेकराला आपलं म्हणणारे लोक हायेत तिथं. पाऊस लई पडतो, मच्छर होतेत. ताप आला तर एक दिवस बी अंगावर काढू नको म्हणा तिला. राहायची सोय लागली नसल तर सांगा, मी एका बाईला निरोप धाडते."

"बरं होईल वहिनी."

"आन एक." ती दिनकरकडेच बघत होती. "तिनं या म्हणलं की जा. दोघं बी जा. त्याच आठवड्यात जा. काम हाय म्हणू नका."

"न्हाई म्हणत," दिनकर म्हणाला. त्यानं चहा घाईनं संपवला, माझ्याकडे न बघता टोपी घातली आणि गेला.

सुमन कप उचलायला वाकली. मी म्हणालो, "सुमन."

"तुम्हाला न्हाई म्हणले मी," ती म्हणाली. कप घेऊन दारापर्यंत गेली आणि तिथं पाठमोरी उभी राहिली.

"तुम्हालाच म्हणले," ती म्हणाली.

मी ओट्यावर बसून राहिलो. ती आत गेली. दार तिनं लावलं नाही.